ज्या खणातला खिळा

माझे वडील पुण्याच्या नारायण पेठेत एका छापखान्यात कंपोजिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, पान बांधायचं आणि छपाई झाली की तेच खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. शाळा सुटली की मी परस्पर छापखान्यात जायचो. एका संध्याकाळी त्यांना मदत करावी म्हणून मी मूठभर खिळे भराभर खणांत टाकून दिले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं; त्यातला 'घ' कुठला आणि 'ध' कुठला, हे मला कळलं नव्हतं. वडील रागावले नाहीत. चिमट्याने एकेक खिळा शोधून काढत ते म्हणाले, "दिसायला सारखा म्हणून भलत्या खणात टाकलास, तर आज तुझं काही बिघडत नाही. उद्या ज्याचं पान असेल, त्याचं बिघडतं."

हे वाक्य समजायला मला वयाची बेचाळीस वर्षं लागली. तोवर वडील राहिले नव्हते आणि माझी दृष्टीही गेली होती. मला ते समजलं एका सॉफ्टवेअरमुळे. अंध माणसाला संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. मी जे वापरतो, त्याचं नाव एनव्हीडीए. त्याचं, ते घडवणाऱ्यांचं, ते मला शिकवणाऱ्या माझ्या सरांचं आणि एका अनोळखी मुलाचं माझ्यावर ऋण आहे. त्या मुलाचं तर मला नावही माहीत नाही. हे ऋण फिटण्यातलं नाही, पण निदान चारचौघांत मान्य करावं म्हणून लिहितो आहे.

खिळ्यांचे छापखाने बंद पडू लागले तेव्हा, १९९४ साली, मी डीटीपीच्या धंद्यात शिरलो. अप्पा बळवंत चौकाजवळ एका जिन्याखालच्या खोलीत दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा, एवढंच आमचं दुकान. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक, प्राध्यापकांच्या नोट्स असं सगळं आम्ही करत होतो. माझा हात वेगवान होता. कळफलकाकडे न बघता टाइप करायचो. वडील कधी दुकानात आले की मागे उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "तुला खिळे सोडवायला लागत नाहीत, हे बरं आहे." मलाही तसंच वाटायचं. खण, खिळे, शिसं हे सगळं मागे पडलं, आता फक्त अक्षर उरलं, असा माझा समज होता.

१९९९ मध्ये वडिलांनी आपल्या छापखान्यातल्या दिवसांबद्दल एका वहीत लिहून काढलं. मी ते रात्री जागून टाइप केलं, चौसष्ट पानांची पुस्तिका केली आणि शंभर प्रती छापून नातेवाइकांत वाटल्या. वहीतलं पहिलं वाक्य होतं, "मराठी चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि छापखाना हीच शाळा झाली." दोन वर्षांनी वडील गेले. वही भावाकडे गेली. माझ्याकडे पुस्तिकेची फाइल राहिली. ती मी सीडीवर आणि पुढे पेनड्राइव्हवर जपून ठेवली. फाइल आहे म्हणजे वडिलांचे शब्द सुरक्षित आहेत, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

आता त्या मुलाबद्दल. २००९ चा पावसाळा होता. विशीचा एक अंध मुलगा छत्री आणि पांढरी काठी सांभाळत आमच्या जिन्याखाली आला. बी.ए.ला होता. त्याच्या विषयाच्या नोट्स एका प्राध्यापकांनी आमच्याकडून छापून घेतल्या होत्या. त्यांचीच चिठ्ठी घेऊन तो आला होता: याला फाइल द्यावी, तो संगणकावर ऐकून अभ्यास करतो. मी लगेच सीडीवर फाइल घालून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि आपण चांगलं काम केलं असं मला मनोमन वाटलं.

चार दिवसांनी तो परत आला. म्हणाला, "काका, फाइल उघडते, पण त्यात मराठी नाहीये. नुसती इंग्रजी अक्षरं बोलतो." मी सीडी माझ्या संगणकात घातली. पडद्यावर स्वच्छ, सुबक मराठी होतं. मी त्याला म्हणालो, "अरे, इथे तर नीट दिसतंय. तुझ्या मशीनमध्येच काहीतरी गडबड असेल." तो थोडा वेळ उभा राहिला. "युनिकोडमध्ये मिळेल का?" असं त्याने विचारलं. युनिकोड हा शब्द मी ऐकला होता, पण आमच्या कामाला तो लागत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "आमच्याकडे तसलं काही नाही." तो "ठीक आहे, थँक यू काका" म्हणाला आणि भिंतीला हात लावत पायऱ्या चढून गेला. माझ्या हातात त्या दिवशी तातडीचं काम होतं. पाचव्या मिनिटाला मी त्या मुलाला विसरलो.

माझे डोळे एकाएकी गेले नाहीत. लहानपणापासून मला संध्याकाळनंतर कमी दिसायचं, पण ते अंगवळणी पडलं होतं. चाळिशीच्या आसपास रस्त्यात माणसांना धक्के लागू लागले. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. एखाद्या नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा असं नाव सांगितलं आणि दृष्टिपटलातल्या पेशी हळूहळू निकामी होत जातात, हे समजावून दिलं. मी दुकानात अक्षरं मोठी करून, काळ्यावर पांढरी करून काम रेटत राहिलो. मग एका दिवाळी अंकात कवयित्रीचं नावच चुकीचं छापून गेलं. प्रूफ मी तीनदा वाचलं होतं. २०१२ मध्ये मी काम सोडलं.

नंतरचं वर्षभर मी घरात बसून होतो. मुलगी सकाळी पेपर वाचून दाखवायची. ती कॉलेजला गेली की दिवस संपायचा नाही. ज्या माणसाचं सगळं जगणं अक्षरांवर चाललं होतं, त्याला दुधाच्या पिशवीवरची तारीखही वाचता येत नव्हती. ब्रेल शिकायचा प्रयत्न केला, पण बोटांना ठिपके वेगळे लागेनात आणि मी तो अर्ध्यावर सोडला. धीर माझाच कमी पडला. शेवटी मुलगीच कुठूनतरी चौकशी करून आली. "बाबा, अंध लोकांना संगणक शिकवणारा एक वर्ग आहे. तुम्ही फक्त एकदा चला."

वर्ग घेणारे सर जन्मांध होते आणि माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. ते मला काका म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचो, आणि हे पहिल्या दिवसापासून दोघांनाही सहज वाटलं. त्यांनी सगळ्यात आधी माऊस काढून ठेवायला सांगितला. मग कंट्रोल, आल्ट आणि एन या तीन कळा एकत्र दाबायला लावल्या. चढत्या सुरांची एक लहानशी धून वाजली आणि पत्र्याच्या डब्यातून यावा तसा एक आवाज बोलू लागला. मला एकही शब्द कळला नाही. सरांच्या संगणकाचा वेग तर इतका होता, की सुपात हरभरे पाखडल्यासारखं ऐकू यायचं. त्यांना मात्र त्यातला शब्दन् शब्द कळत होता. "आधी गप्प करायला शिका," ते म्हणाले. "कंट्रोलची कळ दाबली की तो थांबतो. थांबवता आलं की भीती जाते." हा माझा पहिला धडा. आजही घाबरलो की माझं बोट त्या कळीकडे जातं.

पहिले पंधरा दिवस मी रोज घरी येऊन ठरवायचो, की उद्या जायचं नाही. अठरा वर्षं मी संगणकावर काढली होती आणि आता एक फाइल उघडायला मला अर्धा तास लागत होता. मग हळूहळू कान तयार झाला. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की मजकूर सलग वाचला जातो. इंटरनेटच्या पानावर एच दाबलं की एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारता येते, के दाबलं की एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर. काही डाउनलोड होत असलं की बारीक टिकटिक ऐकू येते आणि काम पुढे सरकेल तसा तिचा सूर चढत जातो. एके दिवशी बातमीचा मथळा मी स्वतः शोधला, उघडला आणि शेवटपर्यंत ऐकला. तेव्हा आवाज हिंदीचा होता, त्यामुळे 'चांगला' मधला 'च' तो 'चंद्र' मधल्या 'च'सारखा उच्चारायचा. तरी ते मराठी होतं, आणि कुणालाही न विचारता मी ते वाचलं होतं. त्या रात्री मुलीला मी ती बातमी सांगितली. ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली.

मला सगळ्यात जड गेलं ते मराठी टायपिंग. माझी बोटं जुन्या फॉन्टच्या सवयीची होती. 'दिवस' लिहायचं तर आधी वेलांटी टाइप करायची आणि मग 'द', कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. सर युनिकोडसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकवत होते. त्यात आधी 'द' आणि मग वेलांटी. मी चुकलो की आवाज लगेच ती सुटी वेलांटी बोलून दाखवायचा. सर म्हणाले, "काका, तुम्ही दिसतं तसं टाइप करताय. बोलतो तसं करा." दर वेळी चुकायचो, खोडायचो, परत लिहायचो. त्या आवाजाचा तेव्हा राग यायचा. तो एकदाही थकला नाही आणि एकदाही चढला नाही, हे मला नंतर जाणवलं.

मधल्या सुट्टीत चहा पिताना सर आम्हाला या सॉफ्टवेअरांच्या गोष्टी सांगायचे. टेड हेंटर हा अमेरिकी मोटरसायकल शर्यतपटू १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावून बसला. पुढे तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीचं जॉज हे स्क्रीन रीडर आलं. सुरुवातीला ते डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालायचं. कितीतरी अंधांना त्याने नोकऱ्या मिळवून दिल्या. पण त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. ते विकत न घेता वापरलं तर चाळीस मिनिटं चालायचं, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. आमच्या सरांनी आपल्या पदवीचा अभ्यास असाच चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत केला होता. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. म्हणायचे, "तेवढी चाळीस मिनिटं मिळाली, म्हणून शिकलो."

मग ऑस्ट्रेलियातल्या दोघांची गोष्ट. मायकल करन आणि जेम्स टे हे दोघेही अंध. लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली. डोळस माणसाला पडदा वाचायला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, मग अंधाला का लागावेत, हा त्यांचा साधा प्रश्न होता. करनने २००६ मध्ये, विशीतच असताना, पायथन भाषेत स्वतः स्क्रीन रीडर लिहायला घेतला. टे त्याला येऊन मिळाला. २००७ मध्ये दोघांनी एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था काढली. एनव्हीडीए फुकट वाटलं गेलं, आणि त्याचा आतला प्रोग्रॅमही कुणीही वाचावा, सुधारावा, आपल्या भाषेत न्यावा म्हणून खुला ठेवला गेला. त्यातला मला पत्र्यासारखा वाटलेला आवाज जोनाथन डडिंग्टन या गृहस्थांनी घडवलेल्या ईस्पीकचा. तो माणसाच्या आवाजाचे तुकडे जोडून केलेला नाही. ध्वनी गणिताने तयार केलेले आहेत, म्हणून तो इतका लहान आहे की पेनड्राइव्हवर सहज मावतो, आणि कितीही वेगाने चालवला तरी फाटत नाही. हिंदी त्यात होतीच, पुढे मराठीही मिळाली. अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याशी या तिघांचा काय संबंध? तरी त्यांनी केलेल्या कामावर माझं घर पुन्हा उभं राहिलं.

तीन महिन्यांनी एका दुपारी घरात कुणी नसताना मी तो पेनड्राइव्ह लावला. आता मला वाचता येत होतं, तेव्हा पहिलं पुस्तक वडिलांचंच ऐकायचं असं मी ठरवलं होतं. फाइल उघडली, सलग वाचायची कळ दाबली. आवाज अडखळत कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी बडबडू लागला. मी थांबवलं. पहिल्या शब्दावर जाऊन बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकलं. ई. जे. के. बी. एच. त्यातला बी जरा चढ्या सुरात, कारण मोठं इंग्रजी अक्षर आलं की एनव्हीडीए सूर चढवतो. पुन्हा मागे गेलो, पुन्हा तेच. ई, जे, के, बी, एच. हा शब्द 'मराठी' होता. मीच टाइप केला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना फाइल ऐकवली. ते म्हणाले, "काका, यात मराठी कधी नव्हतंच." मग त्यांनी समजावलं. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. लहान इंग्रजी 'ई'चा क्रमांक १०१. आमच्या जुन्या फॉन्टने काय केलं होतं, तर १०१ क्रमांकावर 'ई'च्या जागी 'म'चं चित्र बसवलं होतं. डोळ्याला 'म' दिसायचा, आत 'ई'च असायची. स्क्रीन रीडर पडद्याचा फोटो काढून वाचत नाही. संगणकाच्या आत जे साठवलेलं आहे, तेच तो विचारून घेतो आणि बोलतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची १२८ घरं आहेत आणि त्यात 'म'चा क्रमांक २३५०. तिथे दुसरं कुणी बसत नाही. सर सहज म्हणाले, "प्रत्येक अक्षराला आपला खण."

खण हा शब्द त्यांनी योगायोगाने वापरला. मला मात्र शिशाचा वास आला, चिमट्याने खिळे शोधणारे वडील आठवले. अठरा वर्षं मी 'म' उचलून 'ई'च्या खणात टाकत आलो होतो. किती दिवाळी अंक, किती नोट्स, किती माणसांची आयुष्यभराची लिखाणं! माझं त्या वेळी काही बिघडलं नव्हतं. आणि मग तो मुलगा आठवला. चार वर्षांनी, पहिल्यांदाच. 'त्यात मराठी नाहीये' हे त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. तो खरं बोलत होता आणि मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून त्याला त्याच्या यंत्रातला दोष दाखवला होता. मी वाईट हेतूने बोललो नव्हतो, पण त्याने अभ्यास कशावर केला असेल? परीक्षेचं काय झालं असेल? हे प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. दृष्टी गेल्याचं दुःख मला होतंच. पण त्या दिवशी मी जो रडलो, तो त्या मुलासाठी.

वडिलांच्या फाइलचं मराठीत रूपांतर करायला दोन महिने लागले. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं होती, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडायची. मुलगी छापील पुस्तिका हातात धरून मोठ्याने वाचायची आणि मी एनव्हीडीए थांबवत थांबवत ताडून बघायचो. खिळ्यांच्या छापखान्यात प्रूफ असंच तपासायचे. एकाने मूळ हस्तलिखित वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद हे सगळं मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने पान बघायचं. वडील कितीदा वाचणाऱ्याच्या जागी बसलेले मी पाहिले होते. आता एनव्हीडीएला सगळी विरामचिन्हं बोलायला लावली की तोही तसंच म्हणतो.

विसाव्या पानावर आवाज म्हणाला, "ओले खिळे खिळे पुसून". मी मुलीला विचारलं, छापील प्रतीत काय आहे? तिने बघितलं. छापील प्रतीतही 'खिळे' दोनदाच होतं. १९९९ मध्ये मी ते पान निदान पाच वेळा वाचलं होतं, शंभर घरांत ते गेलं होतं आणि कुणालाही ते दिसलं नव्हतं. एक शब्द ओळीच्या शेवटी होता, दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. डोळा तेवढ्यावरून घसरून गेला होता. कानाने ते पहिल्या वाचनात पकडलं. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की मला अजून काही काम करता येईल.

आज मी मराठी मजकुराचं मुद्रितशोधन करतो. हे काम मला सहज जमलं, असं मी म्हणणार नाही. सलग ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ निसटतं. 'पाणी' आणि 'पाणि' कानाला जवळजवळ सारखेच. शंका आली की बाणाची कळ दाबत अक्षर अक्षर जावं लागतं. डोळस माणूस तासात करेल ते मला दोन-अडीच तासांत होतं. मांडणीतल्या चुका मला कळत नाहीत, त्या मुलगी बघते. चित्राला वर्णन दिलेलं नसलं, बटणाला नाव दिलेलं नसलं, तर एनव्हीडीए नुसतं 'ग्राफिक', 'बटण' एवढंच म्हणतो आणि मी तिथेच अडतो. पुस्तकाचं पान स्कॅन करून नुसतं चित्र म्हणून पाठवलं, तर माझ्यासाठी ते कोरं पान असतं. पूर्वी मीही असलीच पानं लोकांना देत होतो, म्हणून अडलो की मला राग येत नाही. समोरच्याला मी शांतपणे सांगतो, कसं केलं तर वाचता येईल. आपल्याला कुणी सांगितलं तेव्हा आपण ऐकलं नव्हतं, याची आठवण ठेवून सांगतो.

दुसऱ्याची पुस्तकं अशी बदलून घ्यायला मी आधी बिचकत होतो. सरांनी सांगितलं, की २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणायला वाट मिळाली. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढच्या वर्षी त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. माझ्यासारख्याला कायद्यातलं फार कळत नाही. पण यामागे कितीतरी अंध माणसांची वर्षानुवर्षांची खटपट आहे. मी जेव्हा जिन्याखाली बसून भराभर टाइप करत होतो, तेव्हा ती माणसं माझ्यासाठीही झगडत होती.

एनव्हीडीए उतरवून घेताना जमेल तेवढी देणगी द्या, अशी विनंती असते. पहिल्या वेळी मी ती ऐकली आणि पुढे गेलो. कमाई सुरू झाल्यावर थोडं काही पाठवतो, पण त्याने ऋण कमी झालं असं वाटत नाही. सरांनी तर फीही पूर्ण घेतली नाही. एकदा मी त्यांना म्हणालो, "सर, तुमचे उपकार कसे फेडू?" ते म्हणाले, "काका, तुम्हाला जुने फॉन्ट माहीत आहेत. ते आम्हाला कुणालाच माहीत नाहीत." ज्याची मला लाज वाटत होती, ते माझं जुनं ज्ञानच त्यांना उपयोगाचं वाटत होतं. कुठल्या कळीवर कुठलं चित्र बसवलं होतं, रफार कुठे टाइप करायचो, कुठल्या जोडाक्षरासाठी काय तडजोड करायचो, हे सगळं माझ्या बोटांत अजून आहे. तेव्हापासून जुन्या फाइली दुरुस्त करण्याचं काम मी जमेल तसं करतो.

वडिलांच्या पुस्तिकेनंतर दुसरी फाइल मी कुठली घेतली, हे सांगायला नकोच. जुन्या सीडींच्या डब्यात त्या नोट्स सापडल्या. प्राध्यापक आता निवृत्त झाले आहेत. फोनवर मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, त्या मुलाबद्दल विचारलं. त्यांनाही त्याचं नाव आठवत नव्हतं. नोट्स दुरुस्त करायला मात्र त्यांनी आनंदाने परवानगी दिली. एकशे दहा पानं झाली. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांनी त्यावर परीक्षाही दिली. अभ्यासक्रम बदलला, आता त्या नोट्स कुणाला लागत नाहीत.

तरी ती फाइल माझ्या संगणकात पहिल्याच फोल्डरमध्ये आहे. तो मुलगा आता पस्तिशी ओलांडून गेला असेल. कधीमधी काम संपलं की मी ती उघडतो आणि पहिलं पान ऐकतो. प्रत्येक अक्षर आपापल्या खणात आहे ना, एवढं बघतो आणि बंद करतो.